दुर्बीण एकीची, कॅमेरा एकाचा: जोडीनं पक्षी बघायचे तर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही बऱ्याच वर्षांपासून दुर्बीण घेऊन पक्षी बघता, याद्या ठेवता. यजमानांनी यंदा कॅमेरा घेतला आणि तेही सोबत यायला लागले. आता पुण्याजवळ मुळा-मुठेच्या काठच्या कवडीपाटला गेलं की ते एका खंड्यापाशी तासभर बसतात, तुम्हाला पुढं जायचं असतं आणि परतताना दोघंही खट्टू. शिवाय कॅमेऱ्याबरोबर आलेल्या किटच्या लेन्सनं पक्षी ठिपक्याएवढा येतो, तर लाखभर रुपयांत काय घ्यावं, उजनी धरणाकाठच्या भिगवणला कधी जावं आणि नऊ वर्षांच्या मुलीला बरोबर न्यावं का, हेही विचारलंय. लेन्सचं सांगतोच, पण आधी त्या तासभराचं बघू. तो सुटला की बाकीचं आपोआप रांगेला लागतं.

तुमच्या दोघांच्या छंदाचा वेग वेगळा आहे आणि तो तसाच राहणार. यादी करणाऱ्याला चालावं लागतं, फोटो काढणाऱ्याला थांबावं लागतं. म्हणून आदल्या रात्रीच ठरवून टाका की उद्याचा दिवस चालण्याचा की बसण्याचा. चालण्याच्या दिवशी यजमानांनी चालता चालता ओळखीपुरते फोटो घ्यायचे, ज्याला आपण ‘रेकॉर्ड शॉट’ म्हणतो. त्यात कलाकुसर शोधायची नाही. बसण्याच्या दिवशी तुम्ही दोघांनीही बसायचं, आणि तुम्हीही त्या वेळात काम करायचं. तुमचं खरं दुखणं मला असं दिसतं की त्या तासात तुमच्या हाताला काही काम नसतं.

ते काम काय, हे तुमच्याच कवडीपाटच्या खंड्यावरून सांगतो. तिथं दिसतो तो बहुतेकदा कवड्या खंड्या, काळा-पांढरा. तो पाण्यावर एका जागी पंख फडफडवत हवेत तरंगतो, मान खाली घालून नेम धरतो आणि सूर मारतो. मासा मिळाला की ठरलेल्या दगडावर किंवा खुंटावर येऊन तो आपटतो, मग डोक्याकडून गिळतो. नराच्या छातीवर दोन काळे पट्टे असतात, मादीच्या छातीवर एकच आणि तोही बहुधा मध्ये तुटलेला. आता यजमान डोळा कॅमेऱ्याला लावून बसले की त्यांना दिसते ती एवढीशी चौकट. बाहेर काय चाललंय हे त्यांना कळत नाही. तुम्हाला कळतं. तुम्ही वहीत लिहायला लागा: नर की मादी, किती वेळा तरंगला, किती वेळा सूर मारला, किती वेळा मासा घेऊन वर आला, आणि मुख्य म्हणजे मासा घेऊन कुठं बसला. अर्ध्या तासात तुम्ही सांगू शकाल की तो मासा मिळाला की त्या डावीकडच्या दगडावर येतो. मग यजमानांनी आभाळात लेन्स फिरवत बसायचं कारण नाही, दगडावर फोकस धरून ठेवायचा. चांगल्या वन्यजीव छायाचित्रांच्या मागं असा कुणीतरी पाहिलेला अर्धा तास असतोच. तुमच्या घरात तो पाहणारं माणूस आधीपासून आहे.

वाऱ्याचंही तसंच. पक्षी उतरताना आणि उडताना वाऱ्याकडे तोंड करतात. वारा तुमच्या पाठीमागून येत असेल तर येणारा पक्षी तुमच्या दिशेनं तोंड करून उतरतो. सकाळचं ऊन आणि वारा दोन्ही पाठीशी घेता आले तर फोटोग्राफरचं निम्मं काम झालं. जागा कुठली धरायची, हे पोचल्याबरोबर तुम्ही दोघांनी मिळून ठरवावं आणि पहिली दहा मिनिटं कॅमेरा पिशवीतच ठेवावा. या नियमाचा मी फार आग्रह धरतो. आपण येताना थोडी खळबळ झालेलीच असते. दहा मिनिटं गप्प उभं राहिलं की शेकाटे पुन्हा चरायला लागतात, धोबी शेपूट हलवत दगडावर परततो, आणि कोण किती जवळ येऊ देतो याचा अंदाज येतो.

आणखी एक सवय लावून घ्या. पक्षी दिसला की ‘तो बघ, तिकडं’ म्हणू नका. आधी खूण सांगायची, मग घड्याळ. ‘एकट्या बाभळीचा शेंडा, तिथून तीनच्या दिशेला, वाळक्या फांदीवर.’ दोघांना हे जमलं की बोलणं कमी होतं, हातवारे कमी होतात आणि पक्षी उडून जाण्याआधी दोघांनाही दिसतो. दुर्बीण डोळ्याला लावण्याआधी नजर पक्ष्यावर खिळवायची आणि ती न हलवता दुर्बीण मधे आणायची, हे तुम्हाला माहीत असेल. यजमानांना शिकवा. लांब लेन्समधूनही पक्षी असाच सापडतो.

आता पैशांचं. लाखभर रुपयांतले पहिले दहा-बारा हजार यजमानांच्या स्वतःच्या दुर्बिणीवर घालवा. फोटोग्राफरला दुर्बीण कशाला, असं बरेच जण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. ज्यानं पक्षी नीट पाहिलेलाच नाही तो बटण दाबत राहतो आणि घरी आल्यावर स्क्रीनवर पहिल्यांदा पक्षी बघतो. ८ बाय ४२ ची साधी दुर्बीण पुरते. ८ म्हणजे आठ पट जवळ, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. १० बाय ४२ मध्ये पक्षी मोठा दिसतो, पण हाताची थरथरही तेवढीच मोठी दिसते आणि दिसणारा परिसर आक्रसतो. दुकानात उजव्या डोळ्याजवळची डायॉप्टरची कडी फिरवून दोन्ही डोळ्यांचा फोकस जुळतो का ते पाहा. चष्मा असेल तर रबरी कडा आत दाबून बघा.

उरलेल्या पैशांत दोन वाटा आहेत. १५०-६०० मिलिमीटरच्या सिग्मा किंवा टॅमरॉनच्या लेन्स आहेत. पोच भरपूर, पण वजन साधारण दोन किलो. बसण्याच्या दिवशी छान, चालण्याच्या दिवशी खांदा भरून येतो. दुसरी वाट १००-४०० ची. यजमानांच्या कॅमेऱ्याची बॉडी क्रॉप सेन्सरची, म्हणजे लहान सेन्सरची आहे, तेव्हा दीड पटीनं धरलं तर ४०० मिलिमीटरवर साधारण ६०० इतकी चौकट मिळते. तुम्ही दोघं जोडीनं फिरणार आहात, म्हणून मी १००-४०० घ्या म्हणेन. जड लेन्स घेतलेला माणूस हळूहळू चालणंच टाळायला लागतो, आणि तुमचं भांडण तिथंच परत सुरू होईल. ट्रायपॉड आत्ता नको. कापडी पिशवी शिवून घ्या, त्यात तांदूळ किंवा राजमा भरा आणि बांधावर, दगडावर, गाडीच्या खिडकीत ठेवून तिच्यावर लेन्स टेका. लेन्स टेकून जमिनीलगत, पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर आलात की मागचं सगळं धूसर होतं आणि पक्षी उठून दिसतो.

सेटिंगचं फार बोलत नाही, ते हातानं शिकायचं असतं. बसलेल्या पक्ष्याला शटर १/५०० च्या आसपास, उडणाऱ्याला १/२०००, अॅपर्चर लेन्सचं सर्वांत उघडं, आयएसओ ऑटोवर. पांढराशुभ्र बगळा गडद पाण्यावर उभा असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो किती उजळ यावा याची सेटिंग, उणे करा, नाहीतर पिसांचा तपशील जळून जातो. उजळ आभाळासमोरचा कोतवाल असेल तर अधिक करा. फोकस डोळ्यावर. सकाळी नऊ-दहानंतर पाण्यावरून आणि माळावरून गरम हवा थरथरायला लागते. मग कितीही महागडी लेन्स असली तरी लांबचा पक्षी पुसटच येतो. ही वेळ यादी पुरी करायची, डबा उघडायची.

फोटो आणि यादी एकमेकांच्या किती उपयोगी पडतात हे बघायचं असेल तर हिवाळ्यात चिखलाच्या काठावरच्या तुतारी पक्ष्यांकडे वळा. तिथं तीन जण हमखास गोंधळात टाकतात: तुतवार, हिरवी तुतारी आणि ठिपकेवाली तुतारी. तुतवाराच्या छातीच्या कडेला खांद्याजवळ पांढरी खाच वर चढलेली असते आणि त्याचं बूड सारखं वरखाली होत असतं. हिरवी तुतारी उडाली की पंखांची खालची बाजू काळपट दिसते आणि वरून कंबर पांढरीफेक. ठिपकेवालीच्या पंखाखाली फिकट रंग, पाय पिवळसर आणि डोळ्यावरची पांढरी भुवई लांब. हे सगळं अर्ध्या सेकंदात दिसतं आणि जातं. म्हणून यजमानांनी एक बाजूचा फोटो, एक उडतानाचा, एक पायांचा असा मिळवायचा. हलणारं बूड, आवाज, कुठल्या प्रकारच्या चिखलात चरत होता, हे तुमच्या वहीत यायचं. रात्री दोन्ही शेजारी ठेवलं की नाव पक्कं होतं. मर्लिनसारखं अॅप फोटोवरून किंवा आवाजावरून नाव सुचवतं, ते जरूर वापरा, पण सूचना म्हणूनच. त्यानं सांगितलेलं नाव तुमच्या दोघांच्या पुराव्याशी जुळलं तरच यादीत घ्या. ‘तुतारी, नक्की कुठली ते कळलं नाही’ अशी नोंदही चांगली नोंद असते.

या नोंदी वहीतच ठेवू नका, ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. तिथं दिसलेल्या आणि ओळखलेल्या सगळ्या पक्ष्यांची, संख्येसकट पूर्ण यादी देता येते. साळुंकी आणि कावळे गाळायचे नाहीत. २०२३ साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो मोठा अहवाल आला, त्यात ९४२ जातींचा विचार झाला, आणि त्यामागं तीस हजारांवर हौशी निरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदी होत्या. तुमच्यासारख्यांनी रविवारी सकाळी भरलेल्या याद्याच त्या. फोटो त्याच यादीला जोडता येतो आणि अनपेक्षित नोंद असेल तर तपासणारा स्वयंसेवक फोटोच मागतो. कॅमेऱ्याचं घड्याळ फोनशी जुळवून ठेवलंत तर कुठला फोटो कुठल्या यादीचा हे शोधावं लागत नाही. सुरुवात करायला पक्षी सप्ताह बरा, ५ ते १२ नोव्हेंबरचा, किंवा फेब्रुवारीतली चार दिवसांची जागतिक पक्षिगणना. त्या दिवसांत गावोगाव गट निघतात, नवखी माणसं सामावून घेतली जातात.

जागांबद्दल माझं मत ठाम आहे. एक जवळची जागा धरा आणि वर्षभर तिथंच जात राहा. तुमच्यासाठी कवडीपाट आहेच. नदीची अवस्था बघवत नाही, जलपर्णी आणि प्लास्टिक दोन्ही आहे. तरीही हिवाळ्यात तिथं चक्रवाक उतरतात, हळदी-कुंकू बदकं, नदी सुरय, तारवाली भिंगरी, निरनिराळे धोबी असतात. एकाच जागी जात राहिलं की कळतं की धोबी सप्टेंबरच्या अखेरीस येतो, उन्हाळा चढत गेला की गायबगळ्याच्या डोक्यावर नारिंगी रंग चढतो, आणि मातकट दिसणारी ढोकरी विणीच्या दिवसांत पाठीवर तपकिरी-तांबूस शाल घेते. तोच पक्षी, तीच जागा, पण फोटो दर महिन्याला वेगळा. नव्या जातीसाठी, ‘लायफर’साठी, दर शनिवारी शंभर-दोनशे किलोमीटर गाडी पळवणाऱ्यांना हे दिसत नाही.

भिगवणला मात्र जाच, आणि नाताळच्या सुट्टीत जायची घाई करू नका. उजनीचं मागचं पाणी पावसाळ्यानंतर तुडुंब असतं. रोहित पक्षी चोच उलटी धरून उथळ पाण्यातला चिखल गाळून खातात, त्यामुळं पाणी ओसरून उथळ पट्टे उघडे पडले की ते जमतात. साधारण जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंतचा काळ धरा, आणि पाऊस जास्त झालेल्या वर्षी आणखी उशिरा. पट्टकदंब हंस हिमालय ओलांडून येतात, तेही याच दिवसांत. कुंभारगाव, डिकसळ इथले मच्छीमार नावा चालवतात आणि पक्ष्यांची त्यांना उत्तम जाण आहे. नावेत बसण्याआधीच त्यांना सांगा: थवा उडवायचा नाही, लांब थांबलं तरी चालेल. गिऱ्हाईकाला उडणारे गुलाबी पंख हवे असतात असं त्यांच्या मनात पक्कं बसलंय, कारण गिऱ्हाइकांनीच ते बसवलंय. दर नावेनं थवा एकदा उठवला तर त्या पक्ष्यांचं सकाळचं खाणंच होत नाही. नाव थांबवून गप्प राहिलात की ते स्वतःहून चरत जवळ सरकतात, आणि खाली वाकलेल्या माना, पाण्यातलं प्रतिबिंब, पिलांचे राखी रंग, असे फोटो मिळतात जे उडालेल्या थव्यात कधी मिळायचे नाहीत.

आता जे तुम्ही विचारलेलं नाही पण मला सांगायलाच हवं. घरट्याचे फोटो काढू नका. पावसाळ्यात कोकणात आणि घाटात तिबोटी खंड्या ओढ्याकाठच्या मातीच्या भिंतीत बीळ करून पिलं वाढवतो. बिळाची जागा एकदा कळली की समोर कॅमेऱ्यांची रांग लागते. आई-बाप चोचीत सरडा किंवा खेकडा धरून फांदीवर बसून राहतात, आत जात नाहीत, कारण समोर माणसं आहेत. ज्या फोटोला सगळे वाहवा म्हणतात, तो ‘चोचीत भक्ष्य’वाला फोटो पुष्कळदा त्या अडून राहिलेल्या पक्ष्याचा असतो. आत पिलं उपाशी असतात. काही जण दृश्य मोकळं व्हावं म्हणून घरट्याभोवतीची पानं छाटतात. ऊन, पाऊस, कावळा आणि शिक्रा यांच्यासमोर घरटं उघडं पडतं. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणं येतं, हे फार थोड्या फोटोग्राफरांना माहीत असतं. फांदीआडचं घरटं लांबून दुर्बिणीनं दिसलं तर बघा, वहीत लिहा आणि पुढं चला.

कॉल, म्हणजे पक्ष्याचा मुद्रित आवाज, लावण्याचंही तसंच. पावसाच्या तोंडावर नवरंग आपल्याकडे विणीसाठी येतो. मोबाइलवर त्याची शीळ वाजवली की नर दुसरा कोणी आपल्या हद्दीत आला असं समजून धावत येतो. फोटो मिळतो. त्याचा खाण्याचा, जोडीदाराजवळ थांबण्याचा वेळ जातो, आणि दिवसभरात दहा गट आले तर दहा वेळा जातो. माळरानावर गाडी रस्ता सोडून घालू नका. टिटवी, धाविक, चंडोल हे जमिनीवरच अंडी घालतात आणि ती मातीच्या रंगाची असतात. टिटवी डोक्यावरून ओरडत झेपावत असेल, किंवा एखादा पक्षी पंख मोडल्यासारखा फरफटत जात असेल, तर अंडी किंवा पिलं जवळपास आहेत. आल्या पावली, पायाखाली बघत मागं फिरायचं. आणि घुबडाची किंवा दुर्मिळ पक्ष्याची जागा फोटोबरोबर जगजाहीर करू नका. तालुक्याचं नाव पुरे.

ही जबाबदारी तुमच्या जोडीत मी तुमच्याकडे देईन. कॅमेऱ्यातून बघणाऱ्याला ‘आणखी दोन पावलं’ नेहमीच रास्त वाटतात. पक्षी चरायचा थांबला, मान ताठ केली, अंग आक्रसून घेतलं, की तुम्ही हळूच ‘बस’ म्हणायचं आणि यजमानांनी वाद न घालता थांबायचं. हे निघण्याआधीच घरी ठरवून घ्या.

पावसाळ्यासाठी एवढंच, की लेन्स कपाटातल्या कपड्यांत गुंडाळून ठेवू नका. दमटपणात काचेवर बुरशी धरते आणि ती आतपर्यंत गेली की लेन्सची रया जाते. हवाबंद प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि पुड्यांचा रंग बदलला की त्या तापवून कोरड्या करायच्या. दुर्बीणही त्याच डब्यात.

मुलीला जरूर न्या, पण तुमची दुर्बीण तिच्या गळ्यात घालू नका. ८ बाय ४२ चं वजन सहाशे-सातशे ग्रॅम भरतं आणि मुलांच्या दोन डोळ्यांतलं अंतर कमी असल्यामुळं त्यांना एक चित्र दिसण्याऐवजी दोन अर्धवट वर्तुळं दिसतात. ६ बाय ३० ची हलकी दुर्बीण तिच्या चेहऱ्यावर जुळते का ते दुकानात तिलाच बघू द्या. तीन तासांची फेरी तिच्यासाठी लांब आहे, तासाभरात परतता येईल अशी आखा. आणि तिला तिचं स्वतःचं एक काम द्या. तुमच्या भागात संध्याकाळी साळुंक्या ज्या झाडावर रातथाऱ्याला जमतात ते झाड शोधा. सूर्य मावळायच्या अर्धा तास आधीपासून कुठल्या दिशेनं किती थवे आले, हे तिनं पाच-पाचच्या रेघा मारून मोजायचं. हे काम सोसायटीच्या गच्चीवरून होतं, कॅमेरा लागत नाही, लवकर उठावं लागत नाही. महिन्यातून दोनदा केलं तरी पुष्कळ. संख्या कुठल्या महिन्यात वाढली, कधी झाड बदललं, हे तीच तुम्हाला सांगेल, आणि तो आकडा तुमच्या यादीत तसाच टाका.